चौथा खांब

शनिवार

पुण्याहून निघताना बॅगेत दोन लेन्स, एक ट्रायपॉड आणि आत्यासाठी बाकरवडी होती. बेत साधाच होता. पाच दिवस आत्याकडे राहायचं, संत्री खायची आणि जमलं तर पेंचला एक सफारी करायची. धुक्याचं नावही डोक्यात नव्हतं. सकाळी नागपूर स्टेशनला उतरले तर आभाळ भरलेलं. ऐन जानेवारीत दोन दिवस अवकाळी पाऊस झोडपून गेला होता.

आत्याचं घर नरेंद्रनगरला, रेल्वेलाइनपासून हाकेच्या अंतरावर. काका लोको पायलट म्हणून निवृत्त झाले, पण स्वतःला अजून ड्रायव्हरच म्हणवतात. नोकरीची बहुतेक वर्षं नागपूर–इटारसी मार्गावर गेली. रात्रपाळीची सवय इतकी मुरलेली की आजही पहाटे साडेतीनला त्यांचा चहा झालेला असतो. आत्या त्यावर काही बोलायची कधीच सोडून बसली आहे.

संध्याकाळी आभाळ अचानक मोकळं झालं आणि वारा पडला. काका गच्चीत उभे राहून वर पाहत म्हणाले, "उद्या काही दिसणार नाही."

"काय दिसणार नाही?"

"काहीच."

त्यांचा हिशेब बरोबर होता. जमीन पावसाने भिजलेली, रात्रीचं आभाळ निरभ्र, वारा नाही. वर ढगांचं पांघरूण नसलं की दिवसभराची ऊब जमिनीतून भराभर निघून जाते, लगतची ओलसर हवा गार होत जाते आणि तिच्यातल्या वाफेचे जागच्या जागी बारीक थेंब होतात. आम्हा पुण्याकडच्या लोकांना धुकं म्हणजे पावसाळ्यातला लोणावळा नाहीतर महाबळेश्वर. खरं तर ते धुकं नव्हेच, तो डोंगराला घासून जाणारा ढग असतो. तो पळत असतो. तिथे आपण एका जागी ट्रायपॉड रोवायचा आणि खिडकी उघडायची वाट बघायची. दोन मिनिटांत दरी दिसते, पुन्हा मिटते. विदर्भातलं हे धुकं बसकं. ते हलत नाही, हलायचं आपण. हा फरक मला दुसऱ्या दिवशी कळला, तोही साठेक फोटो वाया घालवून.

रविवार

सव्वासहाला फुटाळ्याला पोचलो. भोसल्यांच्या काळातला हा तलाव. संध्याकाळी अर्धं नागपूर इथे चौपाटीसारखं फिरायला येतं. आज तलावच नव्हता. कठडा होता, आणि कठड्याच्या पलीकडे पांढरं.

मी हौसेने ७०-२०० ही लांबचं जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स लावली आणि समोर रोखली. लेन्स पुढे-मागे, पुढे-मागे करत राहिली, फोकस बसेना. ऑटोफोकसला पकडायला कुठेतरी उजेड-अंधाराची कड लागते, आणि इथे कड म्हणून नव्हती. शेवटी फोकस हाताने लावला. फोटो निघाले ते सगळे राखाडी, सिमेंटच्या पाण्यासारखे. हे ठाऊक असूनही दर वेळी विसरते. कॅमेऱ्याचं मीटर समोर जे असेल ते मध्यम राखाडी धरून उजेड मोजतं. पांढऱ्याशुभ्र धुक्याकडे बघून त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि ते फोटो काळवंडवतं. मग एक ते सव्वा स्टॉप वाढवला (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), हिस्टोग्रामचा, म्हणजे फोटोतल्या उजेडाच्या आलेखाचा, डोंगर उजवीकडे सरकला. पण अगदी भिंतीला टेकू द्यायचा नाही, कारण तिथे गेलेला पांढरा परत आणता येत नाही.

एक्सपोजर सुधारलं, तरी फोटो काही होईनात. साठेक फोटो काढले असतील, सगळे पांढरे चौकोन. एकात मध्येच पुसटसं झाड, एकात कारंज्याच्या सांगाड्यासारखं काहीतरी. काका मागे हात बांधून बघत होते.

"कशाचा काढून राहिली?"

"त्या झाडाचा."

"मग जवळ जा ना त्याच्या. एवढ्या लांबून काहून?"

आता सांगायला लाज वाटते, पण वीस वर्षं कॅमेरा हाताळूनही हे मला कुणीतरी सांगावं लागलं. टेलिफोटोने लांबचं झाड जवळ येतं, पण मधलं धुकं काही कमी होत नाही. शंभर मीटरवरच्या झाडाचा फोटो म्हणजे शंभर मीटर धुक्याचा फोटो, लेन्स कुठलीही असो. लेन्स बदलली, जवळच्यासाठीची २४-७० लावली आणि चालायला लागले.

कठड्याला लागून मक्याच्या कणसांच्या हातगाड्या रांगेने उभ्या होत्या. सगळ्या बंद, निळ्या ताडपत्रीत गुंडाळून सुतळीने बांधलेल्या. पहिल्या गाडीपाशी गुडघ्यावर बसले. ताडपत्रीच्या सुरकुत्यांत पाणी साचलेलं, काठावर थेंबांची ओळ, आणि एक थेंब सुतळीच्या गाठीशी येऊन अडकलेला, पडता पडेना. गाडीच्या दांड्यावर कुणीतरी खडूने 'उधारी बंद' लिहिलेलं, तेही ओलं होऊन ओघळलेलं. दुसरी गाडी जरा फिकी. तिसरीचं नुसतं निळं. चौथी आहे की नाही याची खात्री देता येत नव्हती. ही पहिली चौकट ज्यात धुकं दिसलं. त्याआधीच्या साठांत धुकं सगळीकडे होतं, पण दिसत नव्हतं, कारण ते नसलेलं असं शेजारी काही नव्हतंच. जवळ एक गडद, ठसठशीत वस्तू ठेवली की मागचा पांढरा आपोआप खोल जातो.

पुढचा तासभर तेच केलं. कानटोपी घालून प्राणायाम करणारे एक आजोबा मिळाले, फोटोला चालेल म्हणाले, आणि त्यानंतर इतके ताठ बसले की प्राणायामाचं सोंग वाटू लागलं. साडेनऊला ऊन आलं, समोरचा काठ दिसायला लागला, आणि तो दिसू लागल्यावर फोटो काढावासा वाटेना.

रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडला. इथे दुसरी चूक. हातगाड्यांचा फोटो फिका वाटला म्हणून फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधली डीहेझची, म्हणजे धुकं पुसायची, पट्टी चाळीसच्या पुढे ओढली. लगेच 'दम' आला. निळा निळा झाला, तिसरी गाडी नीट दिसायला लागली, कठड्याचे गज मोजता येऊ लागले. मी खूश. काकांना दाखवला.

त्यांनी चष्मा लावून पाहिला. "छान आहे. हा केव्हाचा, दुपारचा?"

सोमवार

आजही धुकं, कालच्याहून दाट. काका म्हणाले, आज मी नेतो तिकडे चल. आम्ही अजनीच्या पुलावर गेलो. खाली रूळ आणि विजेच्या तारा धरून ठेवणाऱ्या खांबांची रांग. पुलाच्या कडेला, रहदारीला अडथळा होणार नाही असे उभे राहिलो. काका बोटाने हवेत मोजू लागले.

"एक. दोन. तिसरा दिसून राहिला का तुला?"

"वाटतं."

"वाटतं नको. दिसला का?"

डोळे ताणले. होता, पेन्सिलने काढून खोडल्यासारखा. "दिसला."

"तिसरा," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघत राहिले. मला कळेना. मग लक्षात आलं, ते मी परत म्हणायची वाट पाहत होते. इंजिनात असंच चालतं. सिग्नल दिसला की ड्रायव्हर मोठ्याने सांगतो आणि शेजारचा सहायक तेच पुन्हा म्हणतो. एकट्याने पाहिलेलं पुरत नाही.

"तिसरा," मी म्हणाले.

"हं. मध्ये साठेक मीटर धर. तीन खांब म्हणजे १८० मीटर."

हा १८० चा आकडा त्यांनी हवेतून आणला नव्हता. स्टेशन मास्तराला ठरावीक जागेवरून १८० मीटरवरची एक खूण दिसली पाहिजे, असा रेल्वेत नियम आहे. व्हिजिबिलिटी टेस्ट ऑब्जेक्ट म्हणतात तिला. ती दिसेनाशी झाली की धुक्याची व्यवस्था सुरू होते. पूर्वी फॉगमन कंदील घेऊन जायचा आणि सिग्नलच्या २७० मीटर अलीकडे रुळावर दोन पटाखे बांधायचा, दहा मीटरच्या अंतराने. इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की धाड धाड आवाज, की ड्रायव्हरने समजायचं, सिग्नल आला. आता उत्तरेकडच्या गाड्यांत जीपीएसवर चालणारं यंत्र असतं, ते पुढच्या सिग्नलचं अंतर सांगतं. "पण डोळा बाहेरच असते," काका म्हणाले. हवामान खात्याचा हिशेबही याच्या आसपासच जातो. दृश्यता १००० मीटरच्या खाली गेली की धुकं, २०० च्या खाली गेली की दाट धुकं.

चौकट लावायला वेळ लागला. रूळ तिरके धरले तर नजर भलतीकडे जात होती. समोरासमोर धरले तर फारच शाळकरी. शेवटी रूळ खालच्या डाव्या कोपऱ्यातून आत घेतले, पहिला खांब चौकटीच्या उजव्या एक-तृतीयांशात ठेवला आणि वरचा निम्मा कागद कोरा सोडला. कोरा सोडायला धीर लागतो. हात सारखा खाली जातो, काहीतरी भरावंसं वाटतं. तेवढ्यात एक मालगाडी आली. खांब तीनच दिसत होते, पण इंजिनाचा दिवा त्यांच्या कितीतरी मागे उमटला, आधी नुसता पिवळट डाग, मग वाढत वाढत तबकाएवढा. स्वतः उजेड देणारी वस्तू धुक्यात लांबूनही कळते, दुसऱ्याच्या उजेडात उभी असणारी विरून जाते. गाडीचे वीस फोटो घेतले. काकांनी इंजिनाचा वर्ग, घोड्यांची ताकद वगैरे सगळं सांगितलं, ते मी इथे देत नाही.

परतताना झीरो माइलला थांबलो. १९०७ साली त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामासाठी रोवलेला हा वालुकाश्माचा खांब आणि त्याच्या शेजारचे चार घोडे. देशभरची अंतरं इथून मोजली अशी आम्हा सगळ्यांची लहानपणापासूनची समजूत, आणि आज तिथून रस्त्याचा पलीकडचा काठ दिसत नव्हता. घोड्यांचा फोटो चांगला येईल असं वाटलं होतं, नाही आला. चारही घोडे एकमेकांवर चढून एकच काळा गोळा झाला. धुक्यात वस्तूंच्या मध्ये मोकळी फट हवी, नाहीतर सगळ्या छाया एकात एक मिसळतात. घोडे काही सरकून उभे राहणार नव्हते, मीच दोन्ही बाजूंनी फिरून पाहिलं. एका कोनातून दोन घोडे सुटे दिसले, तर मध्येच फुटपाथवरचा खांब.

मग पोहे. नागपूरला येऊन तर्री-पोहे न खाणं म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागेत पाय न बुडवणं. ठेल्यावर पोह्यांचा ढीग भगोण्यात मंद आचेवर, शेजारी दुसऱ्या भगोण्यात लालभडक तर्री, वर तेलाचा तवंग, तळाशी हरभरे. पोहेवाल्याने ताटलीत पोहे घातले, पळीने आधी तवंग बाजूला सारला, खालचा रस्सा आणि हरभरे घेतले, मग वरून थोडासा तवंग सोडला. त्यावर कच्चा कांदा, चिवडा, लिंबू. वाफ उसळली. मी कॅमेरा जवळ नेला आणि व्ह्यूफाइंडरमध्ये पांढरं झालं. लेन्स पहाटेपासून गारठलेली, वाफ लागताच तिच्यावर दव धरलं. रुमालाने पुसलं, पुन्हा धरलं. पुसून उपयोग नसतो, काच हवेइतकी गरम व्हायला हवी. घरात नेतानाही तेच. कॅमेरा बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं आणि अर्धा तास तसाच ठेवायचा, म्हणजे दव पिशवीवर धरतं.

लेन्स निवळेपर्यंत पोहे खाल्ले आणि वाफ बघत बसले. एक गंमत दिसली. पोहेवाला दिव्याच्या आणि माझ्या मध्ये होता तेव्हा त्याच्या काळ्या स्वेटरसमोर वाफ लखलखीत दिसत होती. तो बाजूला झाला, मागे ठेल्याचा पांढरा पत्रा आला, आणि वाफ गायब. वाफ तीच, उजेड तोच. मागे काळं हवं आणि दिवा समोरून हवा. बारीक थेंब उजेड मुख्यतः पुढच्या दिशेने फेकतात, म्हणून उजेडाकडे तोंड केलं की ते चमकतात आणि पाठ केली की नुसते पांढरट दिसतात. धुकंही थेंबांचंच. दुसऱ्या दिवशी रामटेकला काय करायचं ते मला तिथे, दुसऱ्या प्लेटच्या वेळी ठरवता आलं.

रात्री रुळांचा फोटो उघडला. शहाणपण आलेलं असूनही हात पुन्हा डीहेझवर गेला, म्हटलं थोडंसंच. वीस केलं. तिसरा खांब स्पष्ट झाला. चाळीस केलं, आणि तिसऱ्याच्या मागे चौथा उभा राहिला.

काका पाणी प्यायला उठले होते. पडद्यावर वाकून त्यांनी मोजले. "एक, दोन, तीन, चार." मग म्हणाले, "आपल्याला तीनच दिसले होते ना?"

"होते. पण चौथाही होताच ना तिथे. मी काही बनवला नाही."

"होता असेल. पण दिसला नव्हता." आणि झोपायला गेले.

मी बसून राहिले. ते जे म्हणाले त्यात किती अर्थ आहे ते आकडे मांडल्यावर कळलं. धुक्यात वस्तूचा उठाव, म्हणजे मागच्या पांढऱ्याहून तिचं वेगळेपण, अंतरागणिक सारख्या प्रमाणात घटतो, हे १९२४ साली जर्मन हवामानशास्त्रज्ञ हॅराल्ड कोश्मीडर यांनी मांडलं. माणसाच्या डोळ्याला साधारण दोन टक्के उठाव उरला तोवर वस्तू कळते, त्याखाली नाही. तिसरा खांब आम्हाला जेमतेम दिसला, म्हणजे त्याचा उठाव दोन टक्क्यांच्या आसपास. उलटा हिशेब केला तर पहिल्या खांबाचा सत्तावीस टक्के, दुसऱ्याचा सात, तिसऱ्याचा दोन आणि चौथ्याचा अर्धा टक्का. अर्धा टक्का डोळ्याला दिसत नाही, पण कॅमेऱ्याच्या चौदा बिटांच्या रॉ, म्हणजे सेन्सरने टिपलं तशाच्या तशा, फाइलमध्ये प्रत्येक रंगाला १६,३८४ पायऱ्या असतात, त्यात तो अर्धा टक्का कुठेतरी नोंदलेला असतो. डीहेझ तो उचलून वर आणतं. म्हणजे चौथा खांब खोटा नव्हता, पण पुलावर उभ्या असलेल्या दोघांपैकी कुणीही तो पाहिला नव्हता.

धुकं काढायची ही कला मुळात आहे फार हुशार. २००९ साली काइमिंग ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट हेरली. स्वच्छ हवेतल्या फोटोचा, आकाश सोडून, कुठलाही छोटा तुकडा घ्या. लाल, हिरवा, निळा यांपैकी एक तरी रंग त्यात कुठेतरी जवळजवळ काळा असतो. पानांच्या सावल्या असतात, रंगीत वस्तू असतात. धुकं आलं की तो काळा उजळतो. जेवढा उजळला तेवढं धुकं, तेवढं वजा करायचं. लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये डीहेझची पट्टी आली ती २०१५ मध्ये. दुपारच्या धुरकट डोंगररांगेवर ती सोन्यासारखी चालते. पण जिथे धुकं हाच फोटोचा विषय, तिथे ती लग्नाच्या फोटोतून नवरी पुसण्यासारखी आहे.

मंगळवार

रामटेक पन्नासेक किलोमीटर. पाचला निघालो, काका गाडी चालवत होते. कामठी ओलांडली आणि समोरचा रस्ता संपला. काकांनी हेडलाइटचा वरचा दिवा लावून दाखवला. समोर पांढरी भिंत उभी राहिली. खालचा दिवा केला, भिंत जराशी मागे सरली. उजेड समोरच्या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. फ्लॅश मारून धुक्याचा फोटो काढणाऱ्यांचं हेच होतं. कन्हानचा पूल कधी आला आणि गेला ते फक्त चाकांच्या आवाजावरून कळलं. काकांनी काटा चाळीसच्या वर जाऊ दिला नाही. एक-दोघे मागून भरधाव ओव्हरटेक करून गेले, त्यांच्याबद्दल काकांनी जे शब्द वापरले ते रेल्वेच्या नियमावलीत नसावेत. पावणेसातच्या सुमाराचा सूर्योदय मनसरच्या फाट्यावर गाडीत बसून साजरा झाला. म्हणजे झाला असावा.

गडावर पोचलो तेव्हा साडेसात होऊन गेले होते, आणि तिथे ऊन होतं. लख्ख. गाडी वर चढता चढता कुठल्याशा वळणावर आम्ही धुक्यातून डोकं बाहेर काढलं होतं. हे धुकं उथळ असतं, जमिनीला चिकटून. गडमंदिराच्या तटावरून खाली पाहिलं तर शेतं, गाव, अंबाळा तलाव, सगळं कापसाखाली. फक्त कुठे कुठे झाडांचे शेंडे. विदर्भात कापसाची उपमा द्यायची नाही असं ठरवलं होतं, पण दुसरी सुचत नाही.

इथे मी मोठी चूक केली. एवढा देखावा समोर, सगळं धारदार यायला हवं म्हणून लेन्सचं छिद्र एफ/१६ ला बारीक केलं. खरं तर खालच्या धुक्यात धारदार व्हायला काही नव्हतंच. आणि बारीक छिद्राने सेन्सरवर बसलेली धूळ उघडी पडते. झाडी-डोंगराच्या फोटोत ती लपून जाते, पण सपाट पांढऱ्या पार्श्वभूमीवर प्रत्येक कण काळ्या माशीसारखा बसतो. रात्री मोजलं, एकेका फोटोवर तीस-पस्तीस डाग. फोटोही तसे पोस्टकार्डासारखेच होते. वरून पाहिलेलं धुकं सुंदर असतं खरं, पण त्यात आपण नसतो.

म्हणून खाली उतरलो, पुन्हा धुक्यात. त्याच्या वरच्या काठाशी, जिथे ऊन नुकतं आत शिरत होतं, तिथे पायऱ्यांच्या बाजूला वानरांची एक टोळी बसली होती. पोहेवाल्याचा काळा स्वेटर आठवला. सूर्याकडे तोंड केलं आणि एक मोठं खोड सूर्याच्या बरोबर समोर येईल असे दोन पावलं सरकले. खोडाच्या दोन्ही बाजूंनी उन्हाचे पट्टे फुटले. एक पाऊल डावीकडे, सूर्य लेन्समध्ये आणि सगळं धुऊन गेलं. एक पाऊल उजवीकडे, पट्टे संपले. तेवढ्या वीतभर जागेत उभी राहून मी वानराने मान वळवायची वाट पाहिली. त्याने नाही वळवली. लांब शेपूट मात्र तटावरून सरळ खाली लोंबत होती, तिची कड उन्हाने पेटलेली. ते पुरलं.

अंबाळ्याच्या घाटावर जुनी देवळं पाण्याच्या कडेने एकामागे एक विरत गेली होती. खरं तर फोटोसाठी सगळ्यात चांगली जागा हीच. पण एक कुटुंब अस्थी घेऊन आलं होतं. पांढरे कपडे, पांढरं धुकं, पाण्यात गुडघाभर उभा असलेला मुलगा. कॅमेरा पिशवीत ठेवला. आम्ही दोघं पलीकडच्या पायरीवर ते जाईपर्यंत बसलो, आणि ते गेले तेव्हा धुकंही उठलं होतं.

बुधवार

सकाळी उठले तर समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दिसत होती. वारा सुटला होता, धुकं नाही. रात्रीच्या गाडीला वेळ होता. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला, एका बाजूला आत्या संत्री सोलत होती.

चारशेच्या वर फोटो होते. आधी पांढरे चौकोन उडवले, मग घोडे, मग प्राणायामवाले आजोबा, मग गडावरचे जवळजवळ सगळे. नऊ उरले.

त्या नऊंवर फारसं काही केलं नाही, पण जे केलं त्याला दिवस गेला. पहिलं काम रंगाचं. कॅमेऱ्याच्या स्वयंचलित व्हाइट बॅलन्सने पहाटेचा निळसरपणा पुसून सगळं बेरंग केलं होतं. हातगाड्यांच्या फोटोचं रंगाचं तापमान ५२०० केल्व्हिनला आणलं, निळी पहाट परत आली. रामटेकचा वानर मुद्दाम थोडा उबदार ठेवला. मग कर्व्ह, म्हणजे उजेड-अंधार कमी-जास्त करायची वक्ररेषा. पूर्ण फोटोचा कॉन्ट्रास्ट वाढवण्याऐवजी फक्त सगळ्यात जवळच्या वस्तूचा काळा खोल केला, ब्रशने, ताडपत्रीच्या सुरकुत्यांपुरता. मागच्याला हात लावला नाही. गंमत म्हणजे पुढचं गडद केल्याने मागचं धुकं जास्त दाट वाटतं, त्याला न शिवता. एका फोटोत तर डीहेझची पट्टी उलटी, उणे दहावर नेली.

पांढरा अगदी शेवटच्या टोकाला जाऊ द्यायचा नाही हे पुन्हा पाळलं. ० ते २५५ मध्ये २५५ म्हणजे छापताना शाईच नाही, नुसता कागद. धुक्याच्या मध्ये तेवढा भाग भोकासारखा दिसतो. २४० च्या आसपास थांबवलं. मग थोडं ग्रेन, म्हणजे फिल्मसारखा रवाळपणा, टाकलं. आत्याला वाटलं मी फोटो खराब करतेय. पण धुक्यातला पांढरा इतका हळूहळू बदलतो, की आठ बिटांच्या जेपेगमध्ये, २५६ पायऱ्यांत तो मावत नाही आणि पट्टे पडतात, नीट न लावलेल्या चुन्यासारखे. बारीक ग्रेनने ते पट्टे मोडतात. तरी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकल्यावर फाइल दाबली गेली आणि पट्टे आलेच. चुलतभावाने विचारलं, टीव्हीवरून फोटो काढलास का.

रुळांच्या फोटोला शेवटी बसले. डीहेझ शून्य. मग बराच वेळ तिसऱ्या खांबाशी झटापट. जरा उजळ केला तर दोनच खांब राहत, जरा काळा केला तर तो सहज दिसे, आणि सहज दिसायला नको होता. पडद्याचा उजेड वेगळा, कागदाचा वेगळा, म्हणून बर्डीतल्या, म्हणजे सीताबर्डीतल्या, एका स्टुडिओत जाऊन आधी छोटा नमुना छापून घेतला. त्यात तिसरा खांब नाहीसाच झाला. तिथेच लॅपटॉप उघडून तो केसभर गडद केला आणि मॅट कागदावर बारा बाय अठराचा काढला. ग्लॉसी घेतला नाही. त्यात ट्यूबलाइट चमकते आणि धुक्याचं पाणी होतं.

घरी आणून काकांच्या हातात दिला. ते खिडकीशी गेले, चष्मा कपाळावर चढवला, कागद लांब धरला. ओठ हलत होते. एक. दोन. मग बोट कागदाच्या वर थांबलं.

"तिसरा?" ते म्हणाले.

"तिसरा," मी म्हणाले.